रंग काढून द्या म्हणाले

आधी काकू. बाकीचं मग सांगतो, कारण बाकीचं सांगायला लागलो की माझा आवाज चढतो आणि चढलेल्या आवाजात आभार मानायचे राहून जातात.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. नाशिककडच्या. त्यांचे यजमान चंडीगडच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर होते आणि त्या स्वतः मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. मी बुलढाण्याकडचा, नववीत शाळा सोडलेला. मामा फौजेत होता, चंडीगडजवळ चंडीमंदिरच्या छावणीत. त्यानं मला आणून एका टीव्ही-दुरुस्तीच्या बूथमध्ये चिकटवलं. इकडे बाजारातल्या छोट्या दुकानाला बूथच म्हणतात. मग मामाची बदली आसामला झाली आणि मी तिथंच राहिलो. दुकानाच्या माळ्यावर झोपायचो. माझी पिशवी मी कधी पूर्ण सोडली नाही. दोन कपडे बाहेर, बाकी सगळं आत, चेन लावलेलं. कोणी उद्या जा म्हटलं तर निघता यावं म्हणून.

काकू पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा माझ्या हातून एक स्क्रू खाली पडला आणि मी स्वतःशीच म्हणालो, "हात्तिच्या."

"कुठला रे तू?" काकूंनी लगेच विचारलं.

"बुलढाण्याकडचा."

"एवढ्या लांब? आणि जेवतोस कुठे?"

मी समोरच्या ढाब्याकडे बोट दाखवलं. त्यांनी ढाब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि रविवारी घरी यायला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. दर रविवारी वरण-भात, कधी भाकरी, आणि जाताना डब्यात काहीतरी. त्यांची मुलगी शाळेत होती. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. काकू मराठीत रागवायच्या, ती हिंदीत माफी मागायची, डॉक्टरकाका पेपरमागे हसायचे. त्या घरात मी अंग चोरून बसायचो. खुर्चीच्या कडेवर. काकू म्हणायच्या, "अरे, खुर्ची तुझ्याच वजनाची आहे, मागे टेक."

आता धंद्याचं सांगतो. इथून माझा राग सुरू होतो.

तेव्हा घरोघर व्हिडिओ गेम आले होते. बाजारात मिळणारे स्वस्त, आणि कॅनडाहून आलेले. चंडीगडात ज्याच्या घरातलं कोणी कॅनडात नाही असा माणूस मला क्वचितच भेटला. ते लोक सुट्टीत यायचे, पोरांसाठी गेम आणायचे आणि परत जाताना इथेच टाकून जायचे. ही सगळी मशीनं अँटेनाच्या वायरनं टीव्हीला जोडली जायची. चॅनल लावायचं, बटण फिरवत बसायचं, मग बर्फासारख्या ठिपक्यांतून काहीतरी हलायला लागायचं. लाल रंग शेजारच्या निळ्यात सांडलेला. कडा थरथरणाऱ्या. मागे सतत घूंऽऽ असा आवाज. आणि कॅनडावाल्यांची मशीनं तर इथल्या टीव्हीवर काळीपांढरीच दिसायची, कारण तिकडची रंग पाठवायची पद्धत वेगळी.

लोक घेऊन यायचे आणि सगळा बाजार त्यांना एकच सांगायचा, "जी, गेममध्ये एवढंच येतं."

हे खोटं होतं. मुद्दाम बोललेलं खोटं नाही, कंटाळ्यातून आलेलं खोटं. कोणाला मशीन उघडून बघायचं नव्हतं. खेळणं आहे, त्यासाठी कोण डोकं लावणार. माझे उस्ताद, म्हणजे बूथचे मालक, तेही असंच म्हणायचे. उस्ताद माणूस वाईट नव्हते. त्यांनी मला काम दिलं, डोक्यावर छप्पर दिलं, तापात दूध पाजलं. पण गेम आला की म्हणायचे, "हलतंय ना? मग दे परत."

मला ते सहन व्हायचं नाही. काहून व्हावं? ज्या घरात भिंतीएवढा टीव्ही घेतलाय, त्यावर रोज कापड झाकतात, रिमोटवरचं प्लास्टिकसुद्धा काढत नाहीत, त्याच टीव्हीच्या पुढच्या झाकणाखाली पिवळं आणि लाल भोक असायचं. ते झाकण कोणी उघडायचं नाही. खराब होईल म्हणून. वर्षानुवर्षं. आणि पोरं बिचारी ठिपक्यांत डोळे घालून बसलेली.

एका रविवारी काकूंच्या मुलीचा आणि डॉक्टरकाकांचा वाद चालला होता. गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता आणि वर कोपऱ्यात आकडा दिसत होता. तो तीन आहे की आठ, यावर भांडण. दोघं टीव्हीला नाक लावून उभे. मुलगी म्हणत होती आठ, तिचे बाबा म्हणत होते तीन, कारण तीन असेल तर ते जिंकत होते.

मी म्हणालो, "काकू, उघडून बघू का?"

"टीव्ही?"

"नाही, गेम. म्हणजे टीव्हीचंही पुढचं झाकण उघडावं लागेल."

डॉक्टरकाका टीव्हीपासून नाक काढून माझ्याकडे वळले. तो टीव्ही त्या घरात नवा होता. काकू मात्र म्हणाल्या, "उघड. बिघडला तर तुलाच दुरुस्त करायचाय."

मशीनच्या आत पत्र्याची एक छोटी डबी असते. गेमचं चित्र आत अगदी स्वच्छ तयार होतं आणि मग त्या डबीत जातं. डबी त्याला टीव्ही-स्टेशनचं सोंग चढवते, म्हणजे अँटेनाच्या भोकातून आत शिरता यावं. टीव्ही ते सोंग परत उतरवतो. या चढवण्या-उतरवण्यात चित्राची माती होते. मी हे काकूंना माझ्या भाषेत सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे स्वयंपाकघरातून हॉलमध्ये निरोप द्यायला रेडिओ स्टेशनवर जाऊन यायचं."

"तेच तर. आणि सगळे म्हणतात, निरोपच असा असतो."

मी डबीच्या अलीकडेच चित्र पकडलं आणि तार थेट पिवळ्या भोकात नेली. चित्र आलं, पण फिकट, वरून वाकलेलं, मध्येच फाटणारं. मला लाज वाटली. काकूंनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "तुझं चित्र अशक्त आहे. मशीनला एवढं ओझं ओढवत नाहीये. मध्ये काहीतरी आधार दे." मग कागदाच्या पाकिटावर त्यांनी दोन रेघा काढून दाखवल्या. एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टन्स, बास. पुढच्या रविवारी मी ते बसवून आलो.

त्या दिवशी काळं काळं दिसलं. ही साधी गोष्ट आहे, पण ज्यानं कायम राखाडी पाहिलंय त्यालाच ती कळेल. रस्त्याच्या कडेचे दगड वेगवेगळे दिसत होते. तो घूंऽऽ आवाज गेला होता. मुलगी जवळ गेली आणि म्हणाली, "मम्मी, गाडी में आदमी भी बैठा है." एवढे दिवस तिला ठाऊकच नव्हतं की गाडीत कोणी बसलंय.

वर कोपऱ्यात तीन होता. डॉक्टरकाकांनी हसू लपवायला पेपर उचलला आणि पुढचा तासभर तो खाली ठेवला नाही.

त्यानंतर मी दुकानात आलेल्या गेमांना हे करायला लागलो. उस्ताद काही बोलायचे नाहीत. माझा वेळ होता, माझं डोकं होतं, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. डबी काढून टाकायची, तिच्या जागी ट्रान्झिस्टर आणि पिवळी-लाल वायर. काढलेली डबी मी पिशवीत घालून परत द्यायचो, कारण इकडे काय, सगळीकडेच, जुना पार्ट हातात पडल्याशिवाय गिऱ्हाइकाचं समाधान होत नाही. कित्येक जण तर स्टूल ओढून समोरच बसतात. माझ्या डोळ्यांसमोर खोला, माझ्या डोळ्यांसमोर बंद करा. मेकॅनिक चांगला माल काढून घेतो आणि लोकल घालतो, ही शंका प्रत्येकाच्या मनात असते. ती का असते तेही मला कळतं. पण कळतं म्हणून ती लागत नाही असं नाही.

मोठ्या सेक्टरमधले एक साहेब होते. सरकारी मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, कोठीत, म्हणजे बंगल्यात, राहणारे. त्यांचा मुलगा कॅनडात. तो कॉलेजात असताना त्याच्या मावशीनं तिकडून पाठवलेला एक गेम घरी पडून होता. आता त्या मुलाची मुलं, म्हणजे साहेबांचे नातू, हिवाळ्याच्या सुट्टीत येणार होते. साहेबांनी नवा सपाट काचेचा टीव्ही घेतला होता, आणि बापाचा गेम नातवंडांनी खेळावा अशी त्यांची हौस. ड्रायव्हरच्या हाती मशीन आलं. "साफ करून ठीक करा," एवढाच निरोप.

मी ड्रायव्हरला टीव्ही कोणता ते विचारून घेतलं. त्या टीव्हीला पिवळ्या भोकातून दिलं तर तिकडचे रंगही ओळखता येत होते. म्हणजे त्या घरात पहिल्यांदाच तो गेम रंगीत दिसणार होता. मी मन लावून केलं. आतली धूळ काढली, बटणं साफ केली, डबी काढली, आधार दिला, वायर बाहेर आणली. दुकानातल्या तशाच एका टीव्हीवर लावून पाहिलं तर उस्तादसुद्धा मान वाकडी करून बघत राहिले. ड्रायव्हर आला तेव्हा मी त्याला समजावलं, "पुढचं झाकण उघडायचं, पिवळ्यात पिवळी, लालमध्ये लाल, आणि रिमोटवर ए.व्ही.चं बटण." तो म्हणाला, "पक्का." आणि पिशवीत डबी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी साहेब स्वतः आले. मशीन हातात, झाकणाचे स्क्रू निघालेले. पुढचं सगळं हिंदी-पंजाबीत झालं, मी मराठीत सांगतो.

"यातला पार्ट कुठंय?"

"जी, पिशवीत दिला होता. ती पत्र्याची डबी."

"ती आहे. काढलीच का? आणि ही तीच कशावरून? ओरिजिनल ठेवून घेतलंस आणि हे लोकल दिलंस."

मी डबीवरचे ठसे दाखवले, तिकडच्या कारखान्याचे.

"असे ठसे बाजारात पाहिजे तेवढे मारून मिळतात."

आता याला काय उत्तर द्यायचं? तुम्ही सांगा. तीच वस्तू तीच आहे हे कसं सिद्ध करायचं?

मी म्हणालो, "चित्र बघितलंत का साहेब?"

"चित्र येतच नाही. चॅनलवर नुसता बर्फ. आधी निदान चित्र तरी होतं."

म्हणजे त्यांनी अँटेनावालं चॅनल लावून बघितलं होतं. पिवळी वायर कोणी लावलीच नव्हती. मी वायर दाखवून म्हणालो, ती राहू द्या जी, तिनं काही बिघडत नाही, फक्त ए.व्ही. दाबायचं. मी म्हणालो, इथं लावून दाखवतो, हा टीव्ही आहे. मी मशीन घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी ते मागे ओढलं. "मला नाटक नको. पार्ट हवा. जसं होतं तसं करून द्या. नातू उद्या येतायत." मग उस्तादांकडे वळून म्हणाले, "हे भइया लोक कसे असतात तुम्हाला ठाऊकच आहे. याची पोलीस ठाण्यात नोंद केलीय का? नसेल तर मी फोन करतो."

इकडे बाहेरून आलेल्या प्रत्येक मजुराला भइया म्हणतात. आपल्या मुलखात आपण तो शब्द कोणाला आणि कसा लावतो ते मला चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे तो कुठे लागतो तेही समजलं.

पण मला खरा राग साहेबांचा नाही आला. त्यांना आत काय आहे ते माहीत नव्हतं. राग आला उस्तादांचा. त्यांनी आदल्या दिवशी तोच गेम रंगीत पाहिला होता. मान वाकडी करून पाहिला होता. आणि आता साहेबांनी भइया लोकांचं वाक्य म्हटल्यावर त्यांनी ती मान हलवली. हो म्हणून. फक्त मान. एवढी हलकी की साहेबांना दिसावी आणि मला दिसू नये.

मला दिसली. अजून दिसते.

साहेब मशीन तिथेच ठेवून गेले. उद्या दुपारी कोठीवर घेऊन यायचं आणि डबी त्यांच्यासमोर बसवायची, असं ठरलं. ते गेल्यावर उस्ताद माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसवून दे परत. आणि मग थोडे दिवस गावाला जाऊन ये. आईला भेट."

एवढी वर्षं आईला भेटायला सुट्टी मागितली तर दिवाळी येऊ दे म्हणायचे.

म्हणजे हे असं होतं. गेलो असतो तर काम जाणार, माळा जाणार, आणि चोर म्हणून जाणार. त्या बाजारात पुन्हा कोणी उभं केलं नसतं. गावाला जाऊन काय सांगणार होतो? मी चित्र चांगलं केलं म्हणून मला हाकललं, हे आमच्याकडे कोणाला पटलं असतं? आणि जायच्या आधी माझ्याच हातानं मला ते चित्र बिघडवायचं होतं. रंग काढून, काळंपांढरं करून, कोणीतरी खुर्ची टाकून पाहत असताना.

मी काकूंकडे गेलो. त्या नुकत्याच कॉलेजातून आल्या होत्या, हातात चहाचा कप.

"पिशवी कशाला आणलीस?"

"जातो म्हटलं."

"कुठे?"

मी पिशवी दाराशी ठेवली.

"गाडी ठरवलीस का?"

"नाही."

"मग बस आधी. आणि कडेवर बसू नकोस."

मी सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला. काहून, काहून असं म्हणत राहिलो. घरी बोलतो तसं. काकूंनी मध्ये थांबवलं नाही. शेवटी एकच विचारलं, "त्यांनी चित्र पाहिलं का?"

"नाही ना."

"मग भांडण कशावर चाललंय?"

"डबीवर."

"तर डबी परत बसव."

मला वाटलं काकूही त्यांच्याकडून बोलतायत. मी उठलोच. त्या म्हणाल्या, "अरे, ऐक. डबी बसव म्हटलं, तार काढ म्हटलं नाही. एक वाट त्यांची, एक वाट तुझी. दोन्हीला चित्र मिळेल. तू मध्ये आधार दिलायस ना?"

"दिलाय. पण काकू, डबी जोडली की चित्र किंचित मंद होतं. ती ओढून घेते."

"किंचितच ना?"

"पण डबी नकोच मुळात. चूक माझी नाहीये."

"चूक तुझी नाहीच. पण आत्ता तुला बरोबर ठरायचंय की इथे राहायचंय?"

"दोन्ही."

"मग आधी राहा," काकू म्हणाल्या आणि कप खाली ठेवला. "उद्या माझं शेवटचं प्रॅक्टिकल दुपारी संपतं. मी येते."

मी म्हणालो, तुम्ही कशाला. साहेब मोठे माणूस आहेत, काकांच्या दवाखान्यात ओळखी असतील, उगाच तुमच्यावर येईल. काकू म्हणाल्या, "येऊ दे. घरात जागा आहे."

दुसऱ्या दिवशी काकूंच्या स्कूटरवर मागे बसलो. मांडीवर तो गेम, गळ्यात सोल्डरच्या सामानाची थैली. चौकात पोलीस उभा होता. वाटलं, फोन झालाच. तो फक्त हेल्मेट बघत होता.

कोठीत साहेबांनी व्हरांड्यात टेबल लावून ठेवलं होतं आणि समोर स्वतःसाठी खुर्ची. काकूंना बघून उठून उभे राहिले. काकूंनी आपली ओळख सांगितली आणि म्हणाल्या, "हा आमच्याकडचा आहे." साहेबांनी लगेच चहा सांगितला. माझ्यासाठीही. काल मला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, अर्थात काल दुकान आमचं होतं, हेही खरं.

मी डबी बसवली. साहेब टॉर्च घेऊन आत बघत होते. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "आणि ही तार?"

मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "ती राहू द्या जी. तिनं काही बिघडत नाही."

"अच्छा," साहेब म्हणाले.

हेच वाक्य. अक्षर न अक्षर हेच वाक्य मी काल दुकानात म्हटलं होतं. तेव्हा त्याला नाटक म्हणाले होते.

मग आम्ही आत गेलो. नातू सोफ्यावर झोपेच्या गुंगीत बसले होते, प्रवासाची झोप उतरली नव्हती. साहेबांच्या बायको त्यांना दूध पी म्हणून मागे लागल्या होत्या. मी अँटेनाची वायर जोडली, चॅनल लावलं. ठिपके आले, सरकणाऱ्या रेघा आल्या, आणि त्यांतून काळापांढरा गेम. आवाजाच्या जागी खरखर.

साहेब मागे टेकले. "हां. आता ठीक झालं."

खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण नुसता राग आला. माणूस खराब चित्र बघून समाधानानं मागे टेकतो. कारण ते त्याच्या ओळखीचं आहे.

नातवांतला धाकटा म्हणाला, "दादू, टीव्ही खराब है?"

काकू साहेबांच्या बायकोला म्हणाल्या, "बहेनजी, तुमची हरकत नसेल तर रिमोट द्या." त्यांनी दिला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. मी टीव्हीच्या पुढचं झाकण उघडलं. त्याच्यावरची दुकानाची चिकटपट्टीसुद्धा कोणी काढली नव्हती. पिवळ्यात पिवळी, लालमध्ये लाल. काकूंनी ए.व्ही. दाबलं.

आकाश निळं झालं. दुसरं काही सांगायची गरज नाही. धाकटा सोफ्यावरून खाली उतरला, थोरल्यानं कंट्रोलर उचलला. काकूंनी परत चॅनल लावलं, काळंपांढरं. पुन्हा बटण, रंगीत. मुलं ओरडली, "वापस करो, वापस करो."

साहेबांच्या बायको जवळ येऊन बघत राहिल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "आपल्या मुलानं तर इथं सगळी सुट्टी ते काळंपांढरंच बघितलं. मी त्याला म्हणायचे, यात काय बघतोस एवढं." आणि पदरानं टीव्हीची काच पुसली. काच स्वच्छच होती.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी वाट पाहत होतो. कशाची, ते मलाही नीट माहीत नव्हतं. ते म्हणाले, "तर मग हे आधी सांगायचं ना."

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी डोळ्यांनीच गप्प केलं. बाहेर आल्यावर स्कूटर चालू करता करता म्हणाल्या, "आता बोल."

"मी सांगितलं होतं."

"ठाऊक आहे."

"तीनदा सांगितलं होतं काकू. वायर दाखवून."

"अरे, ठाऊक आहे म्हटलं ना. बस मागे, हेल्मेट घाल."

दुकानात मी परत आलो तेव्हा साहेबांचा फोन येऊन गेला होता. उस्ताद शेजारच्या बूथवाल्याला सांगत होते, "आमचा मुलगा आहे, डोकं बघ त्याचं." गावाला जायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या महिन्यात दुकानाबाहेर पाटी लागली, गेमची पिक्चर साफ करून मिळेल. त्या मानेबद्दल उस्ताद कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. आणखी बरीच वर्षं त्यांच्याकडेच काढली. त्यांचं मीठ खाल्लं आहे, ते नाकारत नाही. पण ती मान मी विसरायला तयार नाही, आणि लोक म्हणतात जाऊ दे तेव्हा मला आणखी राग येतो. जाऊ कुठे देऊ?

एक मात्र झालं. त्या दिवसानंतर मी डबी काढून टाकणं बंद केलं. दोन्ही वाटा ठेवतो. डबी नकोच, हे माझं मत आजही तसंच आहे.

आता माझं स्वतःचं छोटं दुकान चंडीगडला लागूनच झिरकपूरला आहे. जे तेव्हा पोरं होते ते आता पोरांचे बाप झालेत, आणि माळ्यावरून आपापले गेम काढून घेऊन येतात. नव्या चपट्या टीव्हींना पिवळं भोकच नसतं. मध्ये बदलून देणारी स्वस्त डबी विकत घेतात, ती चित्र ताणून फुगवून फासते, बटण दाबल्यावर गाडी उशिरा वळते, आणि दुकानदार सांगतो, जुन्या गेमचं असंच दिसणार. पत्र्याची डबी गेली, प्लास्टिकची आली, वाक्य तेच राहिलं. मी रोज कोणाशी तरी भांडतो. माझी बायको म्हणते, गिऱ्हाइकाला चित्र द्या, भाषण देऊ नका.

काकू आणि काका निवृत्त होऊन नाशिकला गेले. मुलगी लग्न होऊन पुण्यात. मागे काकूंचा फोन आला होता. नातवाला आईचा गेम खेळायचाय, टीव्हीवाल्याला बोलावलं, तर तो म्हणाला, आजी, यात एवढंच येतं. काकू हसत सांगत होत्या. मला हसू आलं नाही.

"तो तीन आहे की आठ, दिसतंय का?" मी विचारलं.

"नाही रे. आणि आता तुझे काका चष्म्यानंही हरतात."

त्यांनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. पहिल्या दिवाळीला मिठाई नेली तर ती कॉलेजात मुलींना वाटून टाकली. रविवारच्या त्या भाताचं, त्या पाकिटावरच्या दोन रेघांचं, स्कूटरवर पुढे बसून मला कोठीत नेल्याचं मी काय देणार होतो? पण हे एक मला येतं. त्यांच्या त्या जुन्या मशीनमध्ये माझाच पहिला ट्रान्झिस्टर आहे, वाकडा सोल्डर केलेला. यंदा दुकान सोडून निघणं जमलं नाही. पण काकू, मी येणार आहे. सामानाची थैली गळ्यात घेऊन नाशिकला येणार, तो टीव्हीवाला तिथं असेल तर त्याच्यासमोर मशीन उघडणार, आणि तुमच्या नातवाला गाडीत बसलेला माणूस दाखवूनच परत फिरणार. खुर्चीत नीट मागे टेकून जेवणार.